स्लो कुकरमधलं फळांचं कॉबलर : पाण्याचा हिशेब आणि झाकणाखालचा नॅपकिन

स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन् तास शिजवणारं विजेचं भांडं, चालू करून तासभर झाला की त्याच्या काचेच्या झाकणाकडे बघा. आतून घाम फुटल्यासारखे थेंब जमलेले असतात. थेंब मोठे होतात, एकमेकांत मिसळतात, आणि झाकण उचलताना जरा कललं की धार लागते. आत सूप किंवा रस्सा असेल तर ते पाणी परत आत गेलेलंच बरं. पण खाली फळं आणि वर मैद्याचं आवरण असेल, म्हणजे कॉबलर असेल, तर ती धार सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते, अगदी शब्दशः.

माझं पहिलं कॉबलर असंच बुडालं. फ्रीझरमधल्या बेरी तशाच ओतल्या, वर पीठ घातलं आणि दर पंधरा मिनिटांनी झाकण उघडून बघत बसले. तीन तासांनी भांड्यात जांभळं सूप होतं आणि त्यात पांढरेफटक गोळे तरंगत होते. कृतीत चूक नव्हती. ती कृती ओव्हनसाठी होती आणि मी ती जशीच्या तशी स्लो कुकरमध्ये उतरवली होती, एवढंच. ओव्हन पाणी उडवतो, स्लो कुकर ते कोंडून ठेवतो. पुढचं सगळं या एका फरकाभोवती फिरतं.

कॉबलर हा मुळात अमेरिकेतला पदार्थ. तिथे स्थायिक झालेल्या युरोपीय लोकांकडे घरच्यासारखे ओव्हन नव्हते, म्हणून शिजत्या फळांवर मऊ कणकेचे ढीग टाकून ते जाड लोखंडी भांड्यात निखाऱ्यांवर शिजवायचे. वरून ते दगडी फरसबंदीसारखं उंचसखल दिसतं, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. याच कुटुंबात 'ग्रंट' किंवा 'स्लंप' नावाचा एक प्रकार आहे : न्यू इंग्लंड भागातला, शेगडीवर झाकण ठेवून वाफेवर शिजवलेला. खरं सांगायचं तर स्लो कुकरमध्ये होतं ते या ग्रंटचंच जवळचं नातेवाईक. हे आधी मान्य केलं की खरपूस, कुरकुरीत वरच्या थराचा हट्ट सुटतो. मैद्याला तपकिरी रंग चांगला चढायला पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे जावा लागतो. झाकणाखालच्या वाफेत तो १०० ओलांडत नाही. रंग फक्त कडेला येतो, जिथे पीठ आणि पाक गरम भिंतीला टेकतात. त्या कडेबद्दल शेवटी बोलू.

यंत्राचीही यात चूक नाही. अर्व्हिंग नॅक्सन यांना ज्या भांड्याचं पेटंट १९४० साली मिळालं, ते पुढे 'नॅक्सन बीनरी' म्हणून विकलं गेलं. नावातच बीन्स आहेत. रायव्हल कंपनीने ते घेऊन १९७१ मध्ये 'क्रॉक-पॉट' नावाने बाजारात आणलं. कडधान्यं आणि मांस तासन् तास मऊ शिजवणं हे त्याचं काम, केक करणं नव्हे. त्याच्याकडून ते काम करून घ्यायचं तर थोडी मदत करावी लागते.

काय काय लागेल

खालची मापं ४ ते ५ लिटरच्या कुकरसाठी, सहा जणांना पुरतील अशी आहेत. लांबट आकाराचा कुकर असेल तर उत्तम, कारण फळांचा थर पसरट आणि ४-५ सेंटीमीटर उंचीचा राहतो. उभट, छोट्या कुकरमध्ये हेच सगळं कोंबलं तर पीठ इतकं जाड बसतं की मधला भाग शिजतच नाही. तुमचा कुकर ३ लिटरचा असेल तर सरळ सगळं निम्मं करा.

फळांसाठी : चिरलेली फळं १ किलो, साखर ८० ते १०० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर २ मोठे चमचे, लिंबाचा रस १ मोठा चमचा, चिमूटभर मीठ, अर्धा छोटा चमचा दालचिनी पूड.

वरच्या थरासाठी : मैदा १८० ग्रॅम (साधारण दीड कप), साखर ५० ग्रॅम, बेकिंग पावडर २ छोटे चमचे, मीठ पाव छोटा चमचा, थंड बटर ६० ग्रॅम, थंड दूध १२० मिली. शिवाय वरून भुरभुरायला एक मोठा चमचा ब्राऊन शुगर आणि थोडी दालचिनी.

मोठा चमचा म्हणजे १५ मिली, छोटा ५ मिली. अंडं लागत नाही. मैदा शक्यतो वजनानेच घ्या. कप पिठात खुपसून दाबून भरला तर वीस-तीस ग्रॅम जास्त येतात, आणि मग वरचा थर मऊ न होता घट्ट, दडदडीत होतो.

आणि हो, एक स्वच्छ, जाडसर सुती नॅपकिन. त्याला साहित्यात जागा देण्याइतका तो महत्त्वाचा आहे.

फळं : इथेच खरा निकाल लागतो

स्ट्रॉबेरीत सुमारे ९१ टक्के पाणी असतं, पीचमध्ये ८९, सफरचंदात ८६, ब्लूबेरीत ८४. आकडे जवळजवळचे दिसतात, पण कुकरमध्ये वागणूक अगदी वेगळी. सफरचंदाची फोड आपलं पाणी धरून ठेवते आणि सावकाश सोडते. स्ट्रॉबेरी तासाभरात हार मानते, रंग सोडते आणि लगदा होते. म्हणून नुसत्या स्ट्रॉबेरीचं कॉबलर मी स्लो कुकरमध्ये करत नाही. पीच किंवा सफरचंदात तिची एक चतुर्थांश भर घालते, रंग आणि वास दोन्ही मिळतात.

सगळ्यात भरवशाचं फळ पीच. पिकलेलं पण हाताला घट्ट लागेल असं घ्या. साल काढायची असेल तर देठाच्या विरुद्ध टोकाला सुरीने फुलीसारखी चीर द्या, उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट ठेवा आणि लगेच थंड पाण्यात टाका. साल हाताने निघते. प्लम, चेरी आणि ब्लूबेरी सालीसकटच. सफरचंद सोलून आठेक मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा. त्याहून पातळ केल्या तर विरघळतात, जाड ठेवल्या तर मध्ये करकरीत राहतात. नाशपाती थोडी कच्चीच घ्यावी.

कॉर्नफ्लोअर फळाप्रमाणे बदलायचं. किलोभर सफरचंदाला एक मोठा चमचा पुरतो, पीच-प्लम-ब्लूबेरीला दोन, चेरी किंवा बेरींच्या मिश्रणाला तीन. ओव्हनसाठीच्या कृतींपेक्षा हे थोडं जास्त वाटेल. ओव्हनमध्ये उघड्या ट्रेमधून बरंच पाणी उडून जातं, इथे जवळपास सगळं आतच राहतं, म्हणून ते बांधायला जास्त लागतं.

फ्रीझरमधली फळं चालतात, पण गोठलेली कधीच टाकू नका. चाळणीत ठेवून पूर्ण वितळू द्या आणि खाली साठलेला रस फेकू नका. डब्यातली फळं घेतलीत तर पाक पूर्ण निथळून घ्या आणि साखर निम्मी करा. ती आधीच शिजलेली असतात, म्हणून त्यांना पहिल्या टप्प्यात फक्त गरम करायचं आहे.

पहिला टप्पा : पाणी आधीच काढून घ्या

फळांवर साखर, लिंबाचा रस आणि मीठ घालून हलक्या हाताने कालवा आणि अर्धा तास विसरून जा. साखर फळातलं पाणी ओढून घेते. अर्ध्या तासाने भांडं तिरपं केलं की पीच किंवा बेरींच्या तळाशी चांगला अर्धा कप रस दिसेल. हाच तो रस जो नंतर पिठाच्या पोटात शिरून गिच्च गोळा करतो. तो छोट्या पातेल्यात काढून मध्यम आचेवर निम्मा होईपर्यंत आटवा. पाच-सात मिनिटांचं काम. बुडबुडे मोठे आणि सुस्त झाले, चमच्याच्या पाठीवर पातळ थर राहायला लागला की बंद करा. फ्रीझरच्या फळांचा निथळलेला रसही यातच. सफरचंदाला फारसं पाणी सुटत नाही, त्यामुळे तिथे ही पायरी गाळली तरी चालेल.

एका भांड्याचं काम म्हणून स्लो कुकर घेतला आणि इथे पातेलं वेगळं धुवायला लावलं, असं वाटेल. कबूल. पण सगळ्या कृतीतली एकच पायरी ठेवायची असेल तर मी हीच ठेवीन.

आता आटवलेला रस परत फळांवर ओता, दालचिनी घाला. कॉर्नफ्लोअर वरून चाळणीने भुरभुरा आणि प्रत्येक फोडीला पांढरट लेप बसेपर्यंत हलवा. एकदम ढीग टाकला तर गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत फुटत नाहीत. कुकरच्या भांड्याला तळापासून अर्ध्या उंचीपर्यंत बटर चोळून फळं आत पसरा. झाकण ठेवा, कुकर हाय (जास्त आच) वर लावा.

पीच, प्लम, चेरी, बेरींना पाऊण ते एक तास. सफरचंद आणि नाशपातीला दीड तास. कडेने फळं खदखदायला हवीत, मध्ये गरम वाफ यायला हवी. यात दोन गोष्टी साधतात. एक, कॉर्नफ्लोअर पूर्ण घट्ट व्हायला ९०-९५ अंशांच्या आसपास तापमान लागतं, ते मिळतं. दुसरी जास्त महत्त्वाची : थंड फळांवर पीठ टाकलं तर ते खालून तापायलाच तास घेतं, तोवर त्यातलं बटर वितळून गळतं, बेकिंग पावडरचा वायू उडून जातो आणि खालची बाजू कच्ची, चिकट राहते. उकळत्या फळांवर टाकलेलं पीठ खालून लगेच फुलायला लागतं.

लो वर लावून बाहेर जाऊन आलं तर? फळांचं काही बिघडत नाही, पिठाचं बिघडतं. बहुतेक कुकरमध्ये लो आणि हाय दोन्ही शेवटी साधारण सारख्याच तापमानाला पोचतात, लो फक्त तिथे जायला जास्त वेळ घेतो. तो कोमट मधला काळच पिठाला मारक. शिवाय आंबट फळांत कॉर्नफ्लोअर फार वेळ शिजलं की घट्ट झालेला रस पुन्हा पातळ होतो. त्यामुळे हा पदार्थ रात्रभर ठेवून देण्यातला नाही.

दुसरा टप्पा : पीठ

फळं खदखदायला लागली की मगच पीठ कालवायला घ्या. आधी कालवून ठेवलेल्या पिठात बेकिंग पावडर वाट बघत नाही, कामाला लागते. ती जुनी असेल तर आधी चिमूटभर गरम पाण्यात टाकून बघा. जोरात फसफसली तर ठीक, नुसती ओशाळवाणी चार बुडबुडे काढून बसली तर नवी आणा.

मैदा, साखर, बेकिंग पावडर, मीठ एकत्र करा. थंड बटरचे बारीक तुकडे टाकून बोटांच्या टोकांनी चोळा. तळव्यांनी नको, तळवे गरम असतात. मिश्रण ओल्या वाळूसारखं दिसायला हवं, मध्ये मध्ये वाटाण्याएवढे बटरचे तुकडे राहिले तर चांगलंच. दूध एकदम ओता आणि काट्याने दहा-बारा वेळा फिरवा. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा. पीठ ओबडधोबड, चिकट आणि चमच्यातून लगेच न ओघळता गोळ्याने पडणारं हवं. गुळगुळीत व्हावं म्हणून फेटत बसलात तर खाताना चामडं चावल्यासारखं लागेल.

झाकण उघडा. फळं तळापासून एकदा हलवा, कारण कॉर्नफ्लोअर खाली बसतं. मग मोठ्या चमच्याने पिठाचे सात-आठ गोळे वर टाका. ते पसरवू नका. गोळ्यांमध्ये बोटभर जागा हवी, म्हणजे वाफेला वर यायला वाट राहते. भिंतीपासूनही साधारण एक सेंटीमीटर लांब ठेवा. आणि अगदी मधोमध गोळा टाकूच नका. या कुकरची उष्णता मुख्यतः बाजूच्या भिंतींतून येते, मध्य सगळ्यात शेवटी तापतो. तिथे टाकलेला गोळा शिजेपर्यंत कडेचे करपलेले असतात. हे मला चौथ्या-पाचव्या खेपेला कळलं, तोवर मी मधला कच्चा गोळा गुपचूप स्वतः खात होते.

वर ब्राऊन शुगर आणि दालचिनी भुरभुरा. चवीसाठी कमी, डोळ्यांसाठी जास्त. खरा तपकिरी रंग येणार नाही, निदान फिकटपणा झाकला जातो.

नॅपकिन

आता झाकणाचे थेंब पिठावर पडण्याआधी टिपून घ्यायला नॅपकिन भांड्याच्या तोंडावर ताणून धरा, वर झाकण ठेवा आणि चारही कोपरे झाकणावर उलटे घेऊन मुठीला बांधा किंवा कपड्याच्या चिमट्याने अडकवा. कापड खाली लोंबून कुकरच्या गरम बाहेरच्या भागाला टेकायला नको. मध्ये झोळ पडून पिठाला चिकटायलाही नको. सिंथेटिक कापड अजिबात नाही. सुगंधी कंडिशनरमध्ये धुतलेलंही नाही : वाफेबरोबर तो वास थेट पिठात उतरतो आणि कॉबलर कपड्यांच्या कपाटासारखं लागतं. नॅपकिन नसेल तर टिशू पेपरचे तीन थर चालतात, पण ते लवकर भिजतात.

हाय वरच सव्वा ते दीड तास. पहिला तासभर झाकणाला हात लावायचा नाही. एकदा उघडलं की साठलेली वाफ जाते आणि गेलेली उष्णता भरून यायला वीस-तीस मिनिटंही लागू शकतात. तासाभराने नॅपकिन पिळण्याइतका ओला झाला असेल तर तेवढ्यापुरतं उघडून दुसरा कोरडा लावा. उघडताना झाकण सरळ वर उचला, कुकरपासून बाजूला नेऊन मगच तिरपं करा. याच वेळी, तुमच्या कुकरची एक बाजू जास्त तापते असा अनुभव असेल, तर आतलं भांडं हातमोजे घालून अर्धा फेरा फिरवा.

झालं की नाही हे कसं ओळखायचं? आधी बघा : कच्च्या पिठाला ओली चमक असते, शिजलेलं मंद, कोरडं दिसतं आणि बोटाने दाबलं तर परत वर येतं. मग मध्याच्या सगळ्यात जवळचा गोळा निवडून त्यात टूथपिक घाला. फळांचा रस लागला तर हरकत नाही, पांढरं चिकट पीठ लागायला नको. तरीही शंका असेल तर गोळा चमच्याने किंचित उचलून पोटाखाली बघा, कारण कच्चेपणा तिथेच लपतो. थर्मामीटर असेल तर गोळ्याच्या आत ९३ ते ९५ अंश दिसायला हवेत. शेवटी झाकण आणि नॅपकिन दोन्ही काढून, कुकर चालूच ठेवून पंधरा-वीस मिनिटं उघडं राहू द्या. वरचा ओलसरपणा जातो, रसही थोडा आटतो.

बंद केल्यावर अर्धा तास थांबा. या क्षणी रस पातळ दिसेल आणि काहीतरी चुकलं असं वाटेल. कॉर्नफ्लोअरचा रस निवताना दाटतो. घाईने वाढलेलं कॉबलर ताटलीभर पसरतं, अर्ध्या तासाने वाढलेलं जागच्या जागी बसतं. अर्ध्या तासानंतरही पातळच असेल तर बहुधा फळं नीट उकळलीच नव्हती. पुढच्या वेळी पहिला टप्पा वाढवा. या वेळेपुरतं त्याला सॉस म्हणा आणि वर व्हॅनिला आईस्क्रीमचा गोळा ठेवा, कोणी तक्रार करत नाही.

वर थोडा रंग हवाच असेल तर आतलं भांडं ओव्हनच्या ग्रिलखाली दोन-तीन मिनिटं धरता येतं, पण त्याआधी कुकरचं माहितीपत्रक बघा. काही भांडी ओव्हनमध्ये चालतात, काही तडकतात. काचेचं झाकण मात्र ग्रिलखाली कधीच नाही.

केक मिक्सचा सोपा मार्ग

फळं ओता, वर केक मिक्सचं कोरडं पाकीट रिकामं करा, बटरचे तुकडे ठेवा, झालं : हा प्रकार बराच लोकप्रिय आहे. सोपा आहेच, पण बटर जिथे पोचत नाही तिथे कोरड्या पिठाची बेटं राहतात. करायचाच असेल तर बटर वितळवून ते कोरड्या मिश्रणात आधीच नीट कालवा आणि चुरा करून पसरा. पाकिटात साखर भरपूर असते, म्हणून फळांत निम्मीच घाला. वेळ हाय वर दोन ते अडीच तास, नॅपकिनसकट. घरच्या पिठाला दहाच मिनिटं जास्त लागतात, म्हणून मी पाकिटाच्या वाटेला जात नाही, पण दमून आलेल्या संध्याकाळी कोणी गेलं तर मी नावं ठेवणार नाही.

दूध-बटर नको असेल तर ओट्स किंवा सोयाचं दूध आणि ५० मिली तेल घ्या. पीठ जरा सैल वाटेल, दूध दोन चमचे कमी करा. गव्हाचं पीठ निम्म्यापर्यंत मिसळता येतं, पूर्ण घातलं तर थर जड बसतो.

उरलं तर, आणि कडेचं काय

कीप वॉर्मवर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका, पीठ खालून रस पीत राहतं. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका, तीन-चार दिवस चांगलं राहतं. पुन्हा गरम करायला स्लो कुकर नको, तो फार हळू तापतो. ओव्हनला १७५ अंशांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवलं तर वरचा थर पहिल्या दिवशीपेक्षाही चांगला लागतो, कारण आता कुठे त्याला कोरडी उष्णता मिळते.

गरम भांड्यात लगेच गार पाणी ओतू नका, सिरॅमिक तडकतं. पूर्ण निवल्यावर कोमट पाणी भरून तासभर ठेवा. पण त्याआधी लाकडी चमच्याने ती कड खरवडून घ्या : भिंतीला लागून आटलेला पाक, त्यात अडकलेला पिठाचा चुरा, अर्धवट टॉफी झालेला. ती वाढायची की ओट्याशी उभं राहून एकट्याने संपवायची, हे ज्याने फळं चिरली त्याने ठरवावं.